एज ऑफ एम्पायर्स ३: हा भाग खरंच फसला होता का? डेक, तोफा, भारतीय सिव्ह (खेळातलं राष्ट्र), सगळ्यावर बोलूया

सह्यकडा

एज ऑफ एम्पायर्स या संगणकावरच्या स्ट्रॅटेजी खेळांच्या मालिकेचा विषय निघाला की तिसऱ्या भागावरून दोन तट पडतातच. १९९९ चा दुसरा भाग करणाऱ्या एन्सेंबल स्टुडिओजनेच २००५ मध्ये हा भाग काढला. म्हणजे बाहेरच्या कुणी येऊन बिघडवला असंही म्हणता येत नाही. तरी आजही बरेच जण दुसऱ्यावरून थेट चौथ्यावर उडी मारतात.

आक्षेप साधारण ठरलेले आहेत. दगड हा रिसोर्स (जमवायची सामग्री) काढला. लाकूड-अन्न आणून टाकायचे कॅम्प काढले. होम सिटी (मायदेशातलं शहर, जिथून मदत येते) आणि कार्डांची डेक (त्या मदतीचा निवडलेला संच) आणली. किल्ल्यांचं महत्त्व गेलं. सैन्य हलवताना जडपणा जाणवतो. एकट्याने खेळायच्या मोहिमेतली कथा इतिहास सोडून चिरतारुण्याच्या झऱ्यामागे धावते.

माझं मत असं आहे. दुसऱ्या भागात खेळाडूचा निम्मा वेळ गाव चालवण्यात जातो: शेतं पुन्हा पेरणं, कॅम्प पुढे सरकवणं, भिंती घालणं. तिसऱ्यात तो वेळ काढून घेऊन नकाशावर आणि शिपमेंटच्या (होम सिटीतून कार्डाने मागवलेल्या मदतीच्या) वेळेवर टाकलाय. हे समजून न घेता जो दुसऱ्याच्या सवयीने खेळतो तो दहाव्या मिनिटाला हरतो आणि खेळाला शिव्या घालतो. त्यामुळे नुसतं 'आवडलं नाही' नको, कुठल्या यंत्रणेत नेमकं काय खटकतं ते लिहा.

खाली मी आणि इतर जण जे आकडे देऊ ते वेगळं सांगितलं नसेल तर मूळ खेळाचे धरावेत. २०२० च्या डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये (पुढे डीई) पॅचगणिक काही बदललेत.

जुना_बुरूज

विरोधी बाजू मी मांडतो, कारण माझ्या मते तक्रार सवयीची नाही, खेळाच्या बांधणीची आहे.

दगडाचं बघा. दुसऱ्या भागात कॅसलला ६५० दगड लागतो आणि नकाशावर दगड मोजकाच. म्हणून पहिला कॅसल कुठे बांधायचा हा अख्ख्या सामन्याचा निर्णय असतो. स्वतःच्या सोन्यावर बांधला तर बचाव, समोरच्याच्या लाकूडतोडीवर बांधला तर आक्रमण. चुकलात तर दुसऱ्यासाठी दगड नाही. तिसऱ्यात फोर्ट येतो कार्डाने: बैलगाडी येते, उलगडली की फोर्ट तयार. आउटपोस्टला (टेहळणी बुरुजाला) २५० लाकूड, कमाल सात बांधता येतात. बचावाची जागा निवडण्यातली किंमतच नाहीशी झाली.

लंबर कॅम्पचंही तेच. जंगल मागे हटतं तसा कॅम्प पुढे न्यावा लागतो, विसरलात तर व्हिलेजर (गावातले कामकरी) लांबून चालत बसतात. हे काम कटकटीचं आहे हे मान्य, पण कसलेला आणि कच्चा खेळाडू तिथेच ओळखू येतो. तिसऱ्यात व्हिलेजर झाडाला हात लावतो आणि लाकूड थेट खात्यात जमा. हे कौशल्य काढलं, त्याच्या जागी काय दिलं?

आणि डेक. सामन्याआधी २५ कार्डं निवडायची आणि मग त्यातच अडकून राहायचं. समोरचा काय आणणार हे कळायच्या आत माझी उत्तरं ठरलेली. स्ट्रॅटेजी गेममध्ये हे मला पटत नाही.

हिशेबनीस

@जुना_बुरूज, 'त्याच्या जागी काय दिलं' याचं उत्तर आकड्यांत आहे, जरा सविस्तर लिहितो.

साधा सेटलर (तिसऱ्या भागातला व्हिलेजर) दर सेकंदाला किती गोळा करतो? शिकार ०.८४ अन्न, बोरांची झुडपं ०.६७, मिल (अन्न पिकवायची इमारत) ०.६७, खाणीतलं नाणं ०.६, मळ्यातलं नाणं ०.५, लाकूड ०.५. हा तक्ता पाठ असेल तर अर्धी डेक आपोआप ठरते.

कलोनियल एजमधलं (खेळातल्या दुसऱ्या टप्प्यातलं) ७०० लाकडाचं कार्ड घ्या. ७०० भागिले ०.५ म्हणजे १४०० व्हिलेजर-सेकंद. चौदा व्हिलेजर पूर्ण शंभर सेकंद फक्त लाकूड तोडतील तेवढं काम एका शिपमेंटने झालं. ७०० नाण्यांचं कार्ड साधारण ११६७ व्हिलेजर-सेकंद वाचवतं. ७०० अन्नाचं, जवळ शिकार असेल तर, फक्त ८३३. तिन्ही कार्डांवर आकडा ७०० च, पण लाकडाचं कार्ड अन्नाच्या पावणेदोनपट मोलाचं. म्हणून जाणकारांच्या डेकमध्ये ७०० लाकूड जवळपास नेहमी दिसतं आणि अन्नाच्या पेट्या क्वचित.

पहिलं कार्ड तीन व्हिलेजरचं का? ३०० अन्न वाचतं हे वरवरचं. टाउन सेंटरमधून (गावाच्या मुख्य इमारतीतून) एक सेटलर यायला २५ सेकंद लागतात, म्हणजे ७५ सेकंदांचं उत्पादन फुकट मिळालं. ते तिघं लगेच शिकारीला लागले तर पाच मिनिटांत ७५० च्या वर अन्न आणतात. हेच कार्ड दहाव्या मिनिटाला पाठवलं तर त्यातलं निम्मंही हाती लागत नाही.

आता कॅम्पचा मुद्दा. कॅम्प नाहीत म्हणून नकाशा महत्त्वाचा झाला. शिकार ०.८४, मिल ०.६७. वीस व्हिलेजर शिकारीवर असतील तर सेकंदाला १६.८ अन्न, मिलवर १३.४. शिवाय मिलला ४०० लाकूड आणि एका मिलवर दहाच जण. जो बाहेरच्या हरणांचे, गव्यांचे कळप ताब्यात ठेवतो तो काहीही न बांधता पुढे जातो. जो भिंतीच्या आत बसतो त्याला आठ-नऊ मिनिटांत मिल बांधावी लागते आणि तो तिथेच मागे पडतो. दुसऱ्या भागात शेतं टाउन सेंटरभोवती सुरक्षित असतात. इथे अन्न नकाशावर पसरलेलं आहे आणि ते आणणारे व्हिलेजर उघड्यावर. छापे टाकायला इतकं रान दुसऱ्या भागात नाही.

तोफखाना

हिशेबनीस, शिकारीत एक भर. कळपावर गोळी कुठल्या बाजूने झाडता यावर पुढची दोन मिनिटं ठरतात. जनावरं गोळीच्या विरुद्ध दिशेला पळतात. टाउन सेंटरच्या बाजूने व्हिलेजर पाठवले की कळप आणखी लांब जातो आणि मागोमाग तुमची माणसंही. एक व्हिलेजर वळसा घालून कळपाच्या पलीकडे न्या, तिथून गोळी मारा, कळप घराकडे येईल. एक मारलं की थांबायचं, पुन्हा पलीकडून दुसरी गोळी. एक्सप्लोररकडूनही (नकाशा धुंडाळणाऱ्या शोधकाकडून) हे करून घेता येतं. सामान आणून टाकायचं नसलं तरी माणसं टाउन सेंटरच्या माऱ्याच्या टप्प्यात राहतात, हा खरा फायदा.

पहिलाडाव

चर्चा चांगली चालली आहे. एक शंका विचारतो. मस्केटियर (बंदूकधारी पायदळ) घोडदळाला भारी असं सगळीकडे लिहिलेलं असतं. पण बरोबरीच्या खर्चाचे हुसार (घोडेस्वार) आले की मस्केटियर तुडवले जाताना दिसतात. लिहिलेलं चुकीचं आहे की खेळायची पद्धत?

तोफखाना

@पहिलाडाव, पद्धत. आणि खेळ हे नीट सांगत नाही, हा त्याचा खरा दोष.

मस्केटियरची किंमत ७५ अन्न, २५ नाणी. तब्येत १५०. त्याला दोन हल्ले आहेत. बंदूक: नुकसान २३, टप्पा १२, तीन सेकंदांतून एकदा. संगीन: नुकसान १३, दीड सेकंदाला एकदा, आणि घोडदळावर तिप्पट. म्हणजे संगिनीचा एक वार घोडेस्वारावर ३९ चा. सेकंदाच्या हिशेबात बंदुकीने पावणेआठ, संगिनीने २६. तिपटीहून जास्त फरक.

हुसारची किंमत १२० अन्न, ८० नाणी, तब्येत ३२०. संगिनीचे नऊ वार बसले की तो पडतो, आणि एका हुसारच्या खर्चात दोन मस्केटियर येतात. गणित मस्केटियरच्याच बाजूचं आहे. पण ते गोळ्याच झाडत राहिले, किंवा तुम्ही त्यांना मागे पळवत राहिलात, तर गुणाकार लागूच होत नाही. वर समोरासमोरच्या वारात अंगावर बसलेला घाव चाल मंद करतो, त्यामुळे पळून सुटकाही नाही.

करायचं काय: घोडदळ टप्प्यात येताना एक फैर झाडू द्या. ते अंगावर यायच्या क्षणी मेली मोड (हातघाई) लावा. आपोआप बदलेल या भरवशावर राहू नका. हुसार मागे हटले की पुन्हा व्हॉली मोड (गोळीबार), नाहीतर तुमची पायदळाची रांग त्यांच्या मागे धावत सुटते आणि पलीकडच्या स्कर्मिशरांच्या (लांब टप्प्याच्या हलक्या बंदूकधाऱ्यांच्या) तोंडी जाते. ही शेवटची चूक सर्वात जास्त दिसते.

बाकीचं चक्र थोडक्यात. जड पायदळ घोडदळाला मारतं. स्कर्मिशर (५० अन्न, ६५ नाणी, टप्पा २०) जड पायदळाला दुप्पट लागतो. घोडदळ स्कर्मिशरला आणि तोफांना कापतं. ड्रॅगून (बंदूकधारी घोडदळ, ९० अन्न, ९० नाणी) लांबून घोडदळाला तिप्पट. फाल्कोनेट ही तोफ पायदळाच्या घोळक्याला. कल्व्हरिन ही तोफ समोरच्या तोफांना. तुमच्या सैन्यात यातला एकच प्रकार असेल तर संख्या कितीही असो, योग्य जोडी घेऊन आलेला निम्म्या खर्चात जिंकतो. मस्केटियर-हुसार किंवा स्कर्मिशर-ड्रॅगून, या दोन जोड्यांपासून सुरुवात करा.

जुना_बुरूज

तोफखाना, तुमच्या उत्तरानेच माझा मुद्दा पक्का होतो. इतकं गणित आतल्या आत दडवलेलं असेल तर नव्या माणसाने काय करायचं?

तोफखाना

दुसऱ्या भागातही भालेकऱ्याला घोडदळावर १५ चा जादा मार आहे आणि पडद्यावर हल्ला फक्त ३ दिसतो. लपवाछपवी दोन्हीकडे सारखीच. फरक एवढाच की दुसऱ्याला वीसेक वर्षं खेळून हे लोकांच्या अंगवळणी पडलंय.

हालचालीच्या जडपणाबद्दल मात्र मी तुमच्या बाजूचा. मूळ खेळात गट निवडून हुकूम दिला की तो आधी रांग लावतो, मग निघतो, आणि घोडदळसुद्धा गटातल्या सर्वात हळू माणसाच्या चालीने चालतं. उपाय एकच: घोडदळ, पायदळ आणि तोफा तीन वेगवेगळ्या क्रमांकांवर ठेवा, एकत्र हुकूम देऊच नका.

तोफांची तर वेगळी शिस्त. फाल्कोनेट १०० लाकूड आणि ४०० नाण्यांची, टप्पा २६. ओढत नेताना ती गोळा मारत नाही. आधी थांबून मांडावी लागते, आणि हलवायची तर पुन्हा आवरावी लागते. शत्रूला बघून दोन पावलं मागे घेऊ म्हणून हुकूम दिला की ती आवरायला लागते आणि तेवढ्यात हुसार पोचतात. म्हणून लढाई लागायच्या आधीच मांडा, पुढे पायदळाची रांग ठेवा, आणि एकदा मांडली की लढाई संपेपर्यंत हात लावू नका. घोडदळ जवळ आलंच तर तोफ हलवायची नाही, मस्केटियर तोफेकडे आणायचे.

सह्यकडा

डेकच्या मुद्द्यावर येतो, कारण तो सर्वात जास्त वादाचा आहे.

२००५ ची व्यवस्था चुकीची होती हे मीही मानतो, पण कारण वेगळं. होम सिटीची पातळी खेळून खेळून वाढवावी लागायची आणि चांगली कार्डं वरच्या पातळ्यांना कुलूपबंद असायची. म्हणजे आज खेळ घेतलेला आणि वर्षभर खेळणारा एका सामन्यात आले की नव्याकडे कार्डंच कमी. समोरासमोरच्या खेळात हा अन्याय होता, आणि पहिल्या वर्षात जे लोक सोडून गेले ते परत आले नाहीत. डीईने पहिल्या दिवसापासून सगळी कार्डं खुली केली. हा एक बदल २००५ मध्येच असता तर निम्मा वाद झालाच नसता.

पण 'आंधळेपणाने अडकून राहायचं' हे बरोबर नाही. एका सिव्हच्या अनेक डेक करून ठेवता येतात, आणि सामना सुरू झाल्यावर होम सिटी पहिल्यांदा उघडताना त्यातली एक निवडता येते. तोवर नकाशा आणि समोरची सिव्ह दिसलेली असते. तीन डेक पुरतात: लवकर लढायची, पाण्याच्या नकाशाची, आणि ट्रीटीची (ठरलेल्या वेळेपर्यंत हल्ला बंद असलेल्या सामन्याची). पाण्याच्या डेकमधली जहाजांची कार्डं जमिनीच्या डेकमध्ये घुसडू नका, ती जागा वाया जाते.

दुसरं, बहुतेक कार्डं एकदाच पाठवता येतात आणि प्रत्येक पुढच्या शिपमेंटला जास्त अनुभव-गुण लागतात. त्यामुळे २५ पैकी साधारण सामन्यात दहा-बाराच वापरली जातात. कुठलं कधी पाठवायचं हा निर्णय सामन्यातच होतो. समोर घोडदळ दिसलं, शिपमेंट हातात आहे: ७०० लाकूड घेऊन बराकी बांधू की लगेच सैनिक बोलवू? सैनिकांचं कार्ड थेट टाउन सेंटरपाशी माणसं उतरवतं, कोंडीत सापडल्यावर त्याला तोड नाही. जुना_बुरूज कॅसलच्या जागेबद्दल जो ताण सांगतात तोच इथे आहे, फक्त जागेऐवजी वेळेवर.

पहिलाडाव

फास्ट फोर्ट्रेस (लवकरात लवकर तिसरी एज गाठणं) म्हणतात ते नेमकं कसं करायचं? क्रम कुणी लिहील का?

हिशेबनीस

लिहितो. युरोपीय सिव्ह धरून.

पहिल्या एजमध्ये लाकडाच्या पेट्यांतून घर, बाकी जवळपास सगळे शिकारीवर. टाउन सेंटर एक क्षणही रिकामं ठेवायचं नाही. २५ सेकंदाला १०० अन्न म्हणजे सेकंदाला ४, त्यासाठी पाच शिकारी कायम गुंतलेले. उरलेल्यांनी ८०० अन्न जमवायचं. पहिली शिपमेंट तीन व्हिलेजर. एक्सप्लोररला आजूबाजूचे छोटे खजिने उचलायला लावा. मोठ्या राखणदारांच्या नादी लागू नका, तो पडला की सोडवायला नाणी मोजावी लागतात.

सोळा-सतरा व्हिलेजर झाले की ८०० अन्न देऊन कलोनियल. राजकारणी (एज चढताना मदत देणारा) निवडताना ५०० अन्न देणारा फिलॉसॉफर प्रिन्स. चढायला दीड मिनिट लागतं. तेवढ्यात शिपमेंट हातात राखून ठेवायची. कलोनियलमध्ये पोचताक्षणी ७०० नाणी मागवायची.

फोर्ट्रेसला १२०० अन्न आणि १००० नाणी लागतात. ५०० अन्न राजकारण्याचं, ७०० नाणी शिपमेंटची. उरलं ७०० अन्न आणि ३०० नाणी. शिकारीचे ८३३ आणि खाणीचे ५००, मिळून सुमारे १३३३ व्हिलेजर-सेकंद. सतरा जण असतील तर ऐंशी सेकंदांच्या आत. दहा-अकरा अन्नावर, सहा-सात खाणीवर ठेवलेत की दोन्ही साधारण बरोबर भरतात. पेट्या उघडायला तीन-चार जण आधीच टाउन सेंटरपाशी आणून ठेवा. पेट्या आल्यात आणि कुणी उचलतच नाही, ही फार नेहमीची गळती.

हे कुठे फसतं? कलोनियलमध्ये तुमच्याकडे सैन्य नसतं. समोरच्याने त्याच वेळी रश (लवकरचा हल्ला) केला तर सगळे व्हिलेजर आत लपवावे लागतात आणि वरचं गणित कोलमडतं. ऑटोमनांशी खेळताना हे विशेष जपा. त्यांचे सेटलर आपोआप आणि फुकट येतात, अन्न सैन्यासाठी मोकळं राहतं, आणि त्यांचा बंदूकधारी जॅनिसरी दुसऱ्या एजमध्येच दणकट असतो. त्यांच्यासमोर एक आउटपोस्ट घाला आणि मिनिटमेनचा (तात्पुरत्या गावरक्षकांचा) पर्याय लक्षात ठेवा. मिनिटमेनची तब्येत आपोआप उतरत जाते, म्हणून ते लवकर बोलावून ठेवण्यात अर्थ नाही, वार होतानाच बोलवायचे.

शिलेदार

भारतीय सिव्हबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. २००७ च्या द एशियन डायनेस्टीज या पुरवणीत चीन आणि जपानसोबत ती आली, आणि आपल्याकडचे बरेच जण तीच पहिल्यांदा घेतात आणि आपटतात. कारण साधं आहे: तिचे व्हिलेजर अन्नाने नाही, १०० लाकडाने येतात.

हिशेबनीसांचाच तक्ता लावा. १०० अन्न शिकारीतून १२० व्हिलेजर-सेकंदांत. १०० लाकूड २०० मध्ये. टाउन सेंटर सतत चालू ठेवायला इतरांना पाच शिकारी पुरतात, इथे आठ लाकूडतोडे लागतात. घरं, बाजार, बराकी यांनाही लाकूडच. सवयीने सगळे शिकारीला लावले की दुसऱ्या मिनिटाला लाकूड शून्य, टाउन सेंटर बंद.

तोडगा तिच्याच रचनेत आहे. होम सिटीच्या जवळपास प्रत्येक शिपमेंटसोबत एक व्हिलेजर येतो. म्हणून या सिव्हने शिपमेंटची संख्या वाढवायची, त्यासाठी ट्रेड रूटवर (व्यापारी मार्गावर) लवकर ट्रेडिंग पोस्ट (ठाणं). लाकूड आपोआप जमा करत राहणारं डिस्ट्रिब्युटिव्हिझम कार्ड पहिल्याच एजमध्ये पाठवायचं. गाई खायच्या नाहीत, सेक्रेड फील्डमध्ये नेऊन ठेवायच्या, त्यातून अनुभव-गुण मिळतात, म्हणजे पुन्हा शिपमेंट. हे चक्र एकदा फिरलं की सहाव्या मिनिटानंतर व्हिलेजरांची संख्या समोरच्याइतकी होते.

एज चढायला राजकारणी नाहीत, वास्तू बांधायच्या. दडपण असेल तर आग्रा फोर्ट आधी. शांतता असेल तर कर्णीमाता, तिच्या परिसरात काम करणाऱ्यांचा वेग वाढतो, पण म्हणूनच ती झाडं आणि खाण दोन्ही जवळ असतील अशा जागी हवी. कुठेतरी कोपऱ्यात बांधली तर फक्त एज चढल्याचं समाधान. वास्तू बांधायला एक व्हिलेजर लावून मोकळे होऊ नका, सहा-सात लावा.

आता खटकणारी गोष्ट. सिव्हचं नाव भारतीय, होम सिटी दिल्ली, नेता अकबर. हा खेळ ज्या काळाचा आहे त्या काळाच्या उत्तरार्धात उपखंडातली सर्वात फिरती फौज मराठ्यांची होती. या भागाच्या यंत्रणेत मराठे जितके चपखल बसतील तितके दुसऱ्या भागात कधीच बसणार नाहीत. मुलुखगिरी करणारं हलकं घोडदळ म्हणजे समोरच्याच्या शिकारीवर आणि ट्रेड रूटवर छापे. पानिपतावर १७६१ मध्ये इब्राहिमखान गारद्याच्या तोफा आणि पलटणी, पुढे महादजी शिंद्यांसाठी द बॉइन्यने उभी केलेली कवायती पलटण, १८०३ ला असईला वेलस्लीसमोर उभा राहिलेला तोफखाना. आंग्र्यांची गुराबं आणि गलबतं. हे सगळं कार्डांत आणि युनिटांत सहज मावतं. मिळालं काय, तर दख्खन नावाचा नकाशा आणि भक्ती मंदिराशी युती केल्यावर येणारे टायगर क्लॉ सैनिक. वाघनखं आहेत, प्रतापगड नाही.

मालवणी_गलबत

शिलेदार, शेवटच्या परिच्छेदाला शंभर टक्के अनुमोदन. आरमाराबद्दल एवढंच की देवमासा सापडला तर तो संपत नाही, नाणी येतच राहतात. पाण्याच्या नकाशावर खाणीवर माणसं घालवण्यापेक्षा मासेमारी बोटी देवमाशावर ठेवा आणि किनाऱ्याला एक लढाऊ जहाज राखणीला. समोरच्याचं पहिलं लक्ष्य त्याच बोटी असतात.

जुना_बुरूज यांना मनापासून सुचवेन की ट्रीटी खेळून बघा. चाळीस मिनिटं एकमेकांच्या हद्दीत जायचं नाही, सगळं गाव उभं करायचं, मग मोठ्या फौजा भिडतात. ९९ सेटलर, मिल, मळे, भिंती, फोर्ट, सगळं कामाला येतं. दुसऱ्या भागाच्या शेवटच्या एजची मजा ज्यांना हवी त्यांना ती इथे मिळते.

डीईबद्दल थोडं. ती इंका आणि स्वीडन घेऊन १६ सिव्हसह आली. नंतर अमेरिका, मेक्सिको, २०२१ मध्ये इथिओपिया आणि हौसा, २०२२ मध्ये इटली आणि माल्टा. मूळ खेळात खालचा पट्टा अर्धा पडदा खायचा, तो लहान करता येतो. जानेवारी २०२५ मध्ये मात्र तयार होत असलेली पुरवणी रद्द झाली आणि नवीन काही येणार नाही असं जाहीर झालं. त्यामुळे मराठ्यांची सिव्ह अधिकृतपणे येण्याची आशा मला वाटत नाही. जी येईल ती मॉडमधूनच (चाहत्यांनी केलेल्या बदलांतून).

जुना_बुरूज

ट्रीटीची सूचना घेतो. डेक सामन्यात निवडता येते हा मुद्दाही मान्य, तो माझ्या लिहिण्यात सुटला होता.

पण मूळ मत बदललेलं नाही. वेळेचा ताण आणि जागेचा ताण सारखे नाहीत. कॅसल उभा राहिला की तो दोघांना दिसतो, त्याच्याभोवती पुढची वीस मिनिटं लढाई फिरते. शिपमेंट आली, संपली, नकाशावर खूण उरत नाही. म्हणून तिसऱ्या भागाचे सामने पटकन सुटतात आणि लक्षात कमी राहतात असं मला वाटतं. मोहिमेबद्दल तर बोलायलाच नको. दुसऱ्या भागातल्या वॉलेस आणि जोन ऑफ आर्कच्या मोहिमांनंतर ब्लॅक घराण्याची काल्पनिक कथा देणं ही घसरणच होती.

सह्यकडा

मोहिमेवर वाद नाही. मलाही ती पटत नाही, डीईतल्या हिस्टॉरिकल बॅटल्स त्यापेक्षा कितीतरी बऱ्या.

खूण उरत नाही हे मात्र ट्रेड रूट आणि स्थानिक वस्त्यांना लागू होत नाही. तिथली ट्रेडिंग पोस्टं दोघांना दिसतात, पाडता येतात, आणि रूटवर दोन पोस्टं ज्याच्याकडे त्याच्या शिपमेंट भराभर येतात. मधल्या पोस्टावरून पंधरा-पंधरा मिनिटं रेटारेटी चालते. तुमचा कॅसल तिथे आहे.

पहिलाडाव

सगळ्यांचे आभार. शेवटचं विचारतो: दुसऱ्या भागातून येणाऱ्याने सिव्ह कुठली घ्यावी?

हिशेबनीस

ब्रिटिश. कारण त्यांचं मॅनर. साधं घर १०० लाकूड, मॅनर १३५, पण प्रत्येक मॅनरबरोबर एक सेटलर येतो. म्हणजे वरच्या ३५ लाकडांत एक माणूस, आणि तोही टाउन सेंटरची रांग न अडवता. घर बांधायची दुसऱ्या भागाची सवय इथे थेट फायद्याची ठरते. ७०० लाकडाची शिपमेंट आली की पाच मॅनर एकदम लावा: पाच सेटलर, पन्नास लोकसंख्या, २५ लाकूड शिल्लक. सैन्यात मस्केटियर आणि हुसार, त्यांचं काय करायचं ते तोफखान्यांनी वर लिहिलंय.

मॅनर टाउन सेंटरच्या मागे, माऱ्याच्या टप्प्यात लावा. पुढे लावलेत की पहिल्याच छाप्यात बांधणारे व्हिलेजर जातात.

शिलेदार

आणि ब्रिटिशांवर हात बसला की मग भारतीय. दोन्हीत लाकूडच राज्य करतं, त्यामुळे हिशेब ओळखीचा वाटेल. रशियन मात्र लगेच घेऊ नका. तिथे सेटलर तिघांच्या जथ्याने २७० अन्नाला येतात, एकाचं अन्न जमलं तरी काही करता येत नाही, आणि सुरुवातीला टाउन सेंटर सारखं रिकामं राहतं.